जवळचं अपुरं, लांबचं पुरं

नवजात बाळाचं पोट फुगलं, त्याने अंगावर पिणं सोडलं, रडण्यातला जोर गेला, की बाळ धोक्यात आहे हे बालरोगतज्ज्ञाला कळतं. मेळघाटातल्या भूमकाला, म्हणजे गावच्या मांत्रिकालाही कळतं. दोघांची नजर एकाच जागी जाते, त्या तट्ट फुगलेल्या, शिरा दिसणाऱ्या पोटावर. तिथून पुढं वाटा फुटतात. डॉक्टरला जंतुसंसर्गाचा संशय येतो आणि तो इंजेक्शनची तयारी करतो. भूमका, किंवा घरातलीच एखादी म्हातारी, विळा नाहीतर सळई चुलीत लाल करते आणि बाळाच्या पोटावर चटके देते. याला डम्मा म्हणतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात बावीस दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिले गेले. बाळाला श्वास घ्यायला त्रास होत होता. त्याच वर्षी जूनमध्ये दहा दिवसांच्या बाळाच्या अंगावरचे ३९ चटके मोजले गेले. दोन्ही बातम्या राज्यभर गाजल्या. पुण्या-मुंबईत चहाच्या कपासोबत त्या वाचल्या गेल्या, ‘काय हे अज्ञान’ म्हणून हळहळ झाली आणि पान उलटलं गेलं.

मला मात्र त्या बातम्यांतली दुसरीच गोष्ट छळते. आजार ओळखला गेला होता. कोणाचंही दुर्लक्ष नव्हतं. आई, आजी, शेजारपाजार सगळे बाळासाठी धावले होते. धावले ते जवळच्या माणसाकडे, जवळच्या उपायाकडे. तो उपाय क्रूर होता आणि निरुपयोगीही. पण योग्य उपाय किती लांब होता, हे विचारल्याशिवाय या प्रकरणातला नीती-अनीतीचा हिशेब पुरा होत नाही.

कायद्याचं म्हणणं सरळ आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये महाराष्ट्राने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. कायद्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने राज्याने बोललं पाहिजे. रूढीचा मान राखायचा म्हणून भाजलेल्या पोटाकडे काणाडोळा करणं हा आदिवासींचा सन्मान नव्हे, तो त्यांच्या लेकरांचा अपमान आहे. हे म्हणणं खोडून काढता येत नाही.

दुसरी बाजू दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांची. गुन्हा नोंदला की आजी ठाण्यात जाते, आईला जबाबाला बोलावतात. मग पुढच्या वेळी काय होतं? डम्मा थांबतोच असं नाही; डम्मा दिलेलं बाळ दवाखान्यात यायचं मात्र थांबू शकतं. पोटावरचे डाग आता पुरावा झालेले असतात, आणि पुरावा कोणी स्वतःच्या हाताने पोलिसांसमोर नेऊन ठेवत नाही. चटके बसूनही जे बाळ अँटिबायोटिकने वाचलं असतं, ते घरात मरतं.

माझं मत असं: चटके देणं हाच ज्याचा धंदा आहे त्याला कायद्याचा हिसका बसायलाच हवा. पण भाजलेलं बाळ कडेवर घेऊन जी आई दवाखान्याची पायरी चढली, तिला आरोपींच्या यादीत घालणं म्हणजे तिने केलेल्या एकमेव बरोबर गोष्टीची शिक्षा देणं आहे. आरोग्य खात्याने मधला एक मार्ग काढून पाहिला. भूमकांच्या बैठका घेतल्या, धोक्याची लक्षणं समजावली, रुग्ण दवाखान्यात पाठवला तर मानधन देऊ केलं. त्यावरही दोन तट पडले. सरकारच मांत्रिकाला पैसे देतं, म्हणजे त्याच्या गादीवर शिक्कामोर्तबच नाही का? प्रश्न रास्त आहे. पण ज्याचा शब्द गावात चालतो, त्याच्या तोंडून ‘दवाखान्यात न्या’ हे वाक्य यावं यासाठी थोडे पैसे मोजायला मी तयार आहे. आरोग्य खात्याच्या भिंतीवर मराठीत रंगवलेल्या घोषणांवर यापेक्षा कितीतरी जास्त खर्च होतो, आणि त्या वाचणारं तिथं फारसं कोणी नसतं.

योग्य उपाय किती लांब, ते रस्त्यावरच कळतं. परतवाडा मागे पडलं की घटांगपासून रस्ता सागाच्या जंगलात शिरतो आणि वळणं घेत सेमाडोहला सिपना नदीपाशी उतरतो. पर्यटकांना हे गाव माहीत आहे ते व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यटन संकुलामुळे, जंगल सफारीमुळे. मोठा रस्ता पुढं हरिसाल, धारणीकडे जातो. रायपूर, हतरूकडची वाट इथूनच आत वळते. आतल्या गावांतलं आजारी माणूस या वाटेने बाहेर येतं आणि इथं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. इथं जे होण्यासारखं नाही ते अचलपूरला, अचलपूरला नाही ते अमरावतीला, बाळंतीण असेल तर तिथल्या डफरीन दवाखान्याला. सेमाडोह ते अमरावती साधारण शंभर किलोमीटर, त्यातला निम्मा घाट. सप्टेंबर २०२४ मध्ये याच रस्त्यावर सेमाडोहजवळ खाजगी बस पुलावरून खाली कोसळली, माणसं दगावली. पावसाळ्यात रात्री या वाटेने चार दिवसांचं बाळ न्यायचं की नाही, हा निर्णय घेणाऱ्या बाईला ‘अडाणी’ म्हणण्याआधी एकदा तो प्रवास करून पाहावा.

‘वर न्या’ असं डॉक्टरने सांगितल्यावर घरच्यांनी ‘नाही’ म्हणणं, हा मेळघाटातला रोजचा प्रसंग आहे. नकाराची कारणं ऐकत गेलं तर त्यात देवदेवस्की कमी आणि संसार जास्त निघतो. मोठी दोन लेकरं कोणाकडे ठेवायची? नवरा अकोट-दर्यापूरकडे कामाला गेलेला, त्याला न विचारता कसं निघायचं? सोबत बाई कोण येणार आणि तिचा रोज बुडणार तो कोण देणार? कोरकूशिवाय दुसरी भाषा येत नाही, अमरावतीच्या वॉर्डात बोलायचं कोणाशी? आणि शेवटचा प्रश्न, जो फार हळू आवाजात विचारला जातो: तिकडं गेल्यावर काही बरंवाईट झालं तर परत कसं आणायचं? न्यायला गाडी येते, आणायला येईलच याची खात्री नसते. जून २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या एका आदिवासी बापाने नाशिकच्या दवाखान्यातून आपलं मृत अर्भक पिशवीत घालून एसटीने गावी नेलं. ही गोष्ट मोखाड्याकडची, पण भीती सगळ्या डोंगरांत सारखीच.

मग कागदावर एक वाक्य लिहिलं जातं: नातेवाइकांनी पुढील उपचारास नेण्यास नकार दिला. खाली अंगठा. हा कागद डॉक्टरला वाचवतो आणि फायलीत जातो.

वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासात बीचम आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ च्या ग्रंथात मांडलेली चार तत्त्वं आजही पाठ करून घेतली जातात: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, त्याला इजा न करणं आणि न्याय. पहिली तीन डॉक्टर आणि रुग्ण समोरासमोर बसले की सुरू होतात. चौथं त्याच्याही आधी ठरून गेलेलं असतं: रस्ता कुठून काढला, पद भरलं की रिकामं ठेवलं, गाडीत डिझेल होतं की नव्हतं. सेमाडोहसारख्या ठिकाणी हे चौथं तत्त्व पहिल्या तिघांना गिळून टाकतं. ज्या बाईपुढे एकच रस्ता आहे आणि तोही अर्धा वाहून गेलेला, तिच्या ‘नाही’ला स्वायत्तता म्हणायचं, की नाइलाज?

डॉक्टरांमधलं खरं भांडणही इथंच आहे, आणि ते अंधश्रद्धेच्या भांडणापेक्षा जुनं आणि जास्त गुंतागुंतीचं. जवळ अपुरा उपचार द्यायचा, की पुरा उपचार लांब आहे म्हणून तिकडेच बोट दाखवायचं?

या भांडणाला महाराष्ट्रात तोंड फुटलं ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. वजन, ताप, श्वास मोजणं इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. पण त्या बायकांनी जंतुसंसर्गाची लक्षणं दिसताच बाळाला घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, हे ऐकून अनेकांनी कपाळाला हात लावला. जेंटामायसिनची मात्रा चुकली तर मूत्रपिंडाला आणि कानाला धोका असतो. सुई टोचायची परवानगी कोणाला, याचे नियम आहेत. आणि सर्वांत टोकदार आक्षेप: स्वतःच्या नातवाला तुम्ही अशा बाईकडून इंजेक्शन द्याल का? नाही ना? मग गरिबासाठी वेगळं, हलक्या प्रतीचं वैद्यक कशासाठी?

बंगांचं उत्तर आकड्यांत आलं. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. ३९ गावांत ही घरपोच सेवा होती, तुलनेला ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी निघाला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं दगावण्याचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. म्हणजे हलक्या प्रतीचं म्हणून ज्याला नाक मुरडलं, त्याने बाळं वाचली. ‘तुमच्या नातवाला द्याल का’ या प्रश्नालाही उत्तर आहे: रात्री दोन वाजता, तज्ज्ञ शंभर किलोमीटरवर असताना, हो, देईन.

पण या अभ्यासातूनच आणखी एक प्रश्न निघतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तुलनेच्या ४७ गावांचं काय? तिथं सरकारची नेहमीची सेवा चालूच होती, कोणाच्या तोंडचं काही काढून घेतलं नव्हतं. तरीही जी गोष्ट उपयोगी पडेल असं संशोधकाला मनातून वाटतं, ती त्याने निम्म्या गावांना द्यावी आणि निम्म्यांत फक्त मृत्यू मोजावेत, हे बरोबर आहे का? संशोधक म्हणतील, वाटणं आणि ठरणं यात फरक आहे. पुरावा नसता तर सरकारने ही पद्धत कधीच उचलली नसती आणि देशभरातली बाळं मुकली असती. हे खरं आहे. त्या ४७ गावांतल्या आयांना हे समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर आली तर माझी जीभ अडखळेल, हेही खरं.

सरकारने हे काम उचललं ते अर्धंच. २०११ पासून आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी देतात, त्याचे अडीचशे रुपये मिळतात. तपासणी आली, सुई गाळली. २०१४ मध्ये केंद्राने विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची मुभा एएनएम परिचारिकेला दिली, आशाला नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शन काढलं: बाळाला मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नसेल किंवा घरच्यांनी नकार दिला, तर सोप्या पद्धतीने जवळच अँटिबायोटिक द्यावं. गडचिरोलीच्या मातीतल्या घरांत जे आधी झालं होतं, त्याच दिशेने जिनिव्हाचा कागद निघाला, सोळा वर्षांनी. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेनेही गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर बालउपचाराची पद्धत मेळघाटात राबवली.

आता मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. ‘जवळचं अपुरं’ हे तत्त्व म्हणून चांगलं आहे, पण सरकारच्या हातात ते पडलं की सोय होऊन बसतं. आशा आहे ना, मग नर्स कशाला? भरारी पथकाचा बीएएमएस डॉक्टर आहे ना, मग एमबीबीएसचं पद रिकामं राहिलं तर काय बिघडलं? आदिवासी भागातल्या भरारी पथकांत मानधनावर काम करणारे डॉक्टर मुख्यतः आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. जी औषधं ते देतात ती बहुतेक ॲलोपॅथीची. महाराष्ट्रात त्यांना तशी मुभा १९९२ पासून आहे. शहरात मात्र यावरून रणकंदन चालतं. होमिओपॅथी डॉक्टरांनी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून आधुनिक औषधं द्यावीत, याविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने १८ सप्टेंबर २०२५ ला राज्यभर एक दिवसाचा संप केला. रुग्णाच्या सुरक्षिततेचा त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. पण हीच सुरक्षितता मेळघाटात रिकाम्या खुर्चीच्या रूपाने बसलेली असते तेव्हा संप होत नाही. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनी एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे, असं बंधपत्र आहे. काही भरतात. काही येतात, वर्ष मोजतात आणि जातात. बांधून आणलेला डॉक्टर रुग्णाला काय देऊ शकतो, आणि न बांधता इथं येणार कोण? या दोन्ही प्रश्नांच्या मधोमध आरोग्य केंद्राचं कुलूप असतं.

न बांधता आलेलेही आहेत. शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपुरातून एमबीबीएस होऊन धारणी तालुक्यातल्या बैरागडला आले ते १९८५ च्या सुमारास. हरिसालपासून पुढं चाळीस किलोमीटर पायी. पहिल्या तपासणीला दोन रुपये, दुसऱ्या खेपेला एक. पुढं डॉ. स्मिता कोल्हे लग्न करून तिथं आल्या. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली, ‘कौन बनेगा करोडपती’मध्येही ते दिसले, त्यामुळे त्यांची कथा आता घराघरांत माहीत आहे. त्या कथेतला एक प्रसंग मात्र टाळ्यांच्या गजरात निसटून जातो.

स्मिताताईंचं पहिलं बाळंतपण बैरागडच्या घरातच झालं, डॉ. रवींद्र यांच्याच हातून. बाळ आजारी पडलं. मेंदूच्या आवरणाला सूज, न्यूमोनिया, रक्तात जंतुसंसर्ग. अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्या, असं गावकऱ्यांनीच सांगितलं. निर्णय स्मिताताईंवर आला. त्यांनी ठरवलं, गावातल्या इतर बाळांवर जसे उपचार होतात तसेच माझ्या बाळावर होतील, इथंच. बाळ वाचलं. आणि त्यानंतर गावाचा या बाहेरून आलेल्या बाईवरचा विश्वास पक्का झाला, असं दोघंही सांगत आले आहेत.

या निर्णयाबद्दल मी अनेक डॉक्टरांशी बोललो आहे आणि एकमत कधीच झालं नाही. एक बाजू म्हणते, हे त्यागाचं शिखर. दुसरी म्हणते, त्याग स्वतःचा करता येतो. चार दिवसांच्या लेकराचा जीव पणाला लावायचा हक्क आईलाही नाही. बरं, बाळ गेलं असतं तर ही गोष्ट कोणी कौतुकाने सांगितली असती का? गोष्टीचा शेवट गोड झाला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. मला हा दुसरा युक्तिवाद जास्त पटतो. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. गावातल्या बाईला ‘इथला उपचार तुझ्या बाळाला पुरेसा आहे’ असं रोज सांगणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या बाळाला घेऊन अकोला गाठलं असतं, तर गावाने त्याचा एकच अर्थ घेतला असता. आणि आपण, ज्यांची बाळं खाजगी दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत वाढली, आपण त्यांच्या निर्णयाचा निवाडा करायला बसतो, याचाही एक अर्थ होतो.

याहून अवघड पेच हल्ली येतो तो पोटुशी पोर दवाखान्यात येते तेव्हा. वय सोळा, नाहीतर सतरा. लग्न झालेलं, गावाच्या रीतीने. तिला पाचवा महिना आहे, रक्त कमी आहे, तिला तपासणी हवी आहे. डॉक्टरने तिचं खरं वय लिहिलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास त्याला स्वतःला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कळवलं तर तिच्या नवऱ्याला, जो स्वतः एकोणीस-वीस वर्षांचा असतो, अटक होते. घरातला कमावता हात जातो. आणि गावातली पुढची सोळा वर्षांची पोर दवाखान्यात येत नाही. ती घरीच बाळंत होते.

हा पेच पुस्तकी नाही. एप्रिल २०२२ मध्ये राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं की १६ आदिवासी जिल्ह्यांत तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह झाले आणि त्या काळात कुपोषणाने दगावलेल्या ६,५८२ मुलांपैकी ६०१ मुलांच्या आया अल्पवयीन होत्या. म्हणजे ज्या मुलींना दवाखान्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यांनाच दवाखान्याची वाट ठाण्यावरून जाते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात थोडी फट उघडली: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख सांगायची गरज नाही. पण जिला मूल हवं आहे, जी बाळंतपणासाठी आली आहे, तिचं काय? मेळघाटातल्या बहुतेक पोरी अशाच असतात.

बालहक्कवाले म्हणतात, डॉक्टरांनी डोळेझाक केली तर बालविवाह थांबणारच नाहीत. ‘त्यांच्यात चालतं’ हे वाक्य आदिवासी मुलींच्या नशिबी किती पिढ्या लिहायचं? त्यांचा राग मला समजतो. पण बालविवाह रोखायची जागा लग्नाचा मांडव आहे, शाळा आहे, सुटलेली आठवी आहे. बाळंतपणाचं टेबल नव्हे. तिथं आलेल्या मुलीपुढे डॉक्टरला फक्त डॉक्टर राहू द्यावं. प्रत्यक्षात काय घडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही: केसपेपरवर वय एकोणीस लिहिलं जातं. डॉक्टर खोटं लिहितो, आई खोटं सांगते आणि एक बाळंतपण सुखरूप होतं. या खोट्याची किंमत नंतर चुकवावी लागते. कागदावर अल्पवयीन माता उरतच नाहीत आणि त्यांच्यासाठी काही करावं याची गरजही मग सरकारला दिसत नाही.

कुपोषित मुलाला काय खाऊ घालावं, हा वादही वीस वर्षं शिजतो आहे. शेंगदाणा, दूधभुकटी, साखर, तेल यांची तयार पाकिटातली पेस्ट की गावातलं ताजं अन्न? २००९ मध्ये युनिसेफने बिहार-मध्य प्रदेशासाठी आणलेली पेस्ट केंद्राने परत न्यायला लावली. २०१७ मध्ये पुरावा पुरेसा नाही असं पुन्हा कळवलं. महाराष्ट्रात ती नावं बदलून येत-जात राहिली. एका बाजूला मूल मरतंय तर पाकिटाला नाक का मुरडता, असं म्हणणारे. दुसऱ्या बाजूला भुकेचं औषध करून कंपन्यांचं दुकान मांडू नका, असं म्हणणारे. देशात तीन ठिकाणी झालेला आणि २०१६ मध्ये छापून आलेला एक अभ्यास दोन्ही बाजूंना थोडा टोचतो. देशातच बनवलेल्या पेस्टने मुलं घरच्या अन्नापेक्षा जास्त प्रमाणात सुधारली, पण आधार काढून घेतल्यावर काही महिन्यांत बरीचशी पुन्हा घसरली. होळीनंतर मजुरीला बाहेर पडणाऱ्या घरातल्या पोराचं यापेक्षा वेगळं काय होणार?

राहता राहिला मृत्यूच्या दाखल्यातला रकाना. बाळ गेल्यावर डॉक्टरने कारण काय लिहायचं? न्यूमोनिया लिहिलं तर खरं आहे. जन्मतः कमी वजन लिहिलं तरी खरं आहे. कुपोषण लिहिलं तर वरून फोन येण्याची भीती असते, आणि शास्त्राच्या बाजूनेही पळवाट सापडते, कारण जीव शेवटी संसर्गानेच जातो. म्हणूनच ‘कुपोषणाने एकही मृत्यू नाही’ हे वाक्य विधिमंडळात छातीठोकपणे उच्चारता येतं. बंगांनी आणि इतर संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ अहवालात दोन दशकांपूर्वी दाखवलं होतं की सरकारी नोंदीत बालमृत्यू मुळातच गाळले जातात. डॉ. राजेंद्र बर्मा यांची जनहित याचिका २००७ पासून मुंबई उच्च न्यायालयात आहे. ‘खोज’सारख्या संस्थांचे स्थानिक कार्यकर्ते तिथं वर्षानुवर्षं हजेरी लावत आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयापुढे पुन्हा आकडा आला: जूनपासून मेळघाटात ६५ बाळं गेली. सरकार हा विषय फारच सहज घेतंय, असं न्यायमूर्तींनी सुनावलं आणि अशा भागात येणाऱ्या डॉक्टरांना जास्त वेतन द्या, असंही सुचवलं.

वेतन द्यावंच. पण सेमाडोहपुरती माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बालमृत्यूची चौकशी होते, तिचे कागद भरले जातात. त्या कागदावर ‘नातेवाइकांचा नकार’ या शब्दांपाशी आज विषय संपतो. तिथं अर्धं पान मोकळं सोडावं. ‘वर न्या’ किती वाजता सांगितलं, गाडी किती वाजता आली, सोबत कोण जाणार होतं, नाही कोण म्हणालं आणि नेमकं काय म्हणालं, हे त्यात यावं. हे कोरकूत विचारून मराठीत लिहून घेणारं माणूस हवं. ‘महान’ने सरकारी दवाखान्यांत रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणारे समुपदेशक बसवून अशा माणसाचा उपयोग केव्हाच दाखवला आहे. बारावी झालेल्या कोरकू मुली आता इथल्या गावागावांत आहेत. त्यांच्यापैकी एकीला आरोग्य केंद्रात खुर्ची द्यायला बंधपत्र लागत नाही, की मुंबईहून यायला कोणी तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही.